सासऱ्यांच्या रायफलची दुर्बीण

लग्नाला नऊ वर्षं होईपर्यंत माझ्या सासऱ्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. जेवताना मीठ माझ्या हाताशी असलं तरी ते सासूबाईंकडे मागायचे आणि सासूबाई माझ्याकडे. त्यामुळे दोन हजार चौदाच्या ऑक्टोबरात, एका रविवारी कॉफी पिताना ते एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तू भिंगांच्याच कामात आहेस ना? माझ्या रायफलच्या दुर्बिणीत दोष आहे. बघशील?" तेव्हा मला इतका आनंद झाला की आज त्याची लाज वाटते.

मी म्युनिकला राहायचे आणि गार्चिंगच्या एका संशोधन संस्थेत ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये काम करायचे. भिंग सरळ आहे की वाकडं, वाकडं असेल तर कुठे आणि किती, हे मोजायचं आणि अहवालाखाली सही करायची, एवढंच माझं काम. नवरा त्याच शहरात गाड्यांच्या कंपनीत होता. तो मूळचा उत्तरेकडच्या फ्रांकेन भागातला, हेर्त्सोगेनआउराखपासून वीस मिनिटांवरच्या एका खेड्यातला. एक शनिवार सोडून एका शनिवारी आम्ही मुलीला घेऊन दोन तास गाडी चालवत त्याच्या आईवडिलांकडे जायचो.

सासरे तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. जवळच्या मोठ्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं ग्राइंडिंगचं काम केलं होतं. मिलिमीटर त्यांना ढोबळ वाटायचा, ते मायक्रॉनमध्ये बोलायचे. घरामागे त्यांच्या वडिलांपासून चालत आलेली कार्प माशांची तीन तळी, तळ्यांचे बांध, पलीकडे शेतं आणि मग जंगल. त्या रानाचा शिकारीचा हक्क गावातल्या चार-पाच जणांनी मिळून घेतलेला होता. हरणं आणि रानडुकरं बाकीच्यांकडे, आणि कोल्हे, कावळे, रॅकून अशी उपद्रवी जनावरं सासऱ्यांकडे. कोंबड्या जायच्या, बांधावरच्या टिटव्यांची अंडी जायची, खरूज लागलेले कोल्हे भरदिवसा गोठ्यापर्यंत यायचे. कोल्हा गेला पाहिजे असं कुणाला वाटलं की फोन सासऱ्यांना. त्यांना त्याचा फार अभिमान होता. हरीण कुणीही पाडतं, ते म्हणायचे, कोल्ह्याला डोळा लागतो.

जर्मनीत सासऱ्यांना नावाने हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही. जर्मनमध्ये मी त्यांना एकेरीच, 'डू' म्हणायचे, पण डोक्यात अहो-जाहोच चालायचं आणि हाक मारायची वेळ आली की मी जवळ जाऊन उभी राहायचे. त्यांनाही माझं नाव उच्चारायला जड जात असावं. गावात ते माझी ओळख 'मुलाची बायको, भारतातली' अशी करून द्यायचे आणि पुढचं वाक्य नेहमी मुलाबद्दल असायचं.

तर दुर्बिणीतला दोष. रायफलवरच्या स्कोपमध्ये डोळा लावला की आत एक फुली दिसते, जनावर त्या फुलीच्या मध्यावर घ्यायचं असतं. सासऱ्यांचं म्हणणं, ती फुली मधोमध वाकते. उन्हाळ्यापासून त्यांचे चार कोल्हे हुकले होते. चार, असं त्यांनी बोटं दाखवून सांगितलं. रायफलला हात लावायची मला कायद्यानेच बंदी, म्हणून त्यांनी नुसता स्कोप उतरवून फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. नैवेद्य रांधायच्या भांड्याला आजी जसा मान देते तशा मानाने मी तो मांडीवर धरून म्युनिकला आणला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी तो लॅबमधल्या बाकावर लावला. तीस वर्षांचं जुनं उपकरण, पण देखणं. फुलीच्या रेषा सरळ होत्या. नुसत्या सरळ नाहीत, माझ्या कामात क्वचित दिसतात इतक्या सरळ. गरम करून बघितलं, थंड करून बघितलं, ठोकून बघितलं. काही हललं नाही. मी छापील आलेखासकट दोन पानी अहवाल केला. सासरे आकड्यांचे माणूस, त्यांना आवडेल असं वाटलं.

त्यांनी अहवाल वाचला नाही. घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, "लॅबमध्ये वाकत नसेल. बांधावर वाकते."

मग नवी दुर्बीण घ्यायचं ठरलं. नोव्हेंबरात आम्ही तिघं, ते, नवरा आणि मी, न्यूर्नबेर्गच्या एका बंदुकांच्या दुकानात गेलो. विक्रेता तरुण, दाढीवाला, अंगात हिरवं जाकीट. तो नवऱ्याशी बोलत होता, कारण तिघांत खर्च करणारा तोच दिसत असावा. कोल्हा लहान, कावळा त्याहून लहान, म्हणून प्रतिमा मोठी करणारा स्कोप हवा, असं त्याचं सरळ गणित. चोवीसपट मोठं दाखवणारा एक लांबलचक स्कोप त्याने काढला. पुढे छप्पन मिलिमीटरचं भिंग, आत केसाएवढी बारीक फुली. उपद्रवी जनावरांसाठी हाच, म्हणाला.

मी मध्ये पडले. म्हटलं, प्रतिमा जेवढी मोठी तेवढा हाताचा थरथराटही मोठा दिसतो. आणि पुढचं भिंग मोठं घेऊन जास्त उजेड आत आला तरी तो डोळ्याच्या बाहुलीतून जायला हवा. वयाच्या सत्तरीत बाहुली अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही, म्हणजे तो जादाचा उजेड बाहेरच सांडतो. ह्यांना साधा, आठपट दाखवणारा, जाड रेषांचा स्कोप द्या. विक्रेता पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाला, "गेनाऊ, बाई बरोबर बोलतायत." पण तोवर सासऱ्यांनी तो लांबलचक स्कोप खांद्याशी धरला होता. माझ्या तोंडून सत्तरी हा शब्द गेला तिथेच सगळं संपलं होतं. त्यांनी तोच घेतला.

तीन आठवड्यांनी तो परत गेला. ह्यात तर फुलीचा मधला भाग दिसतच नाही, म्हणाले, कंपन्या हल्ली काहीही विकतात. दुकानदाराने निमूट बदलून दुसरा दिला. तोही तसाच निघाला.

आमच्या बाबांचं साताऱ्याला चष्म्याचं दुकान होतं. शाळेच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या. समोरच्या पाटीवरची अक्षरं पाठ करून येणारी माणसं मी पाहिली आहेत. रांगेत बसल्या बसल्या ती पुढच्याचं ऐकून घेत आणि पाळी आली की धडाधड म्हणून दाखवत. बाबा हसायचे नाहीत. ते म्हणायचे, माणूस डोळ्याला दोष शेवटी देतो, आधी चष्म्याला शिव्या घालतो. तीन वेगळ्या दुर्बिणी, तीन वेगळे कारखाने आणि दोष एकच. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. मला वाटतं कळलंही होतं. पण त्यांनी नऊ वर्षांनी काही मागितलं होतं आणि उत्तर म्हणून मला त्यांच्या हातात काहीतरी ठेवायचं होतं.

नाताळाआधीच्या ॲडव्हेंटच्या दुसऱ्या रविवारी नवरा मुलीला घेऊन बेकरीत गेला होता आणि सासूबाई तळघरात बटाटे आणायला उतरल्या होत्या. मुलगी तेव्हा पहिलीत होती, तिची गणिताची चौकटींची वही टेबलावर पडली होती. मी एका पानाच्या मध्यावर पेनाने ठिपका काढला आणि सासऱ्यांना म्हटलं, डावा डोळा झाका आणि ह्या ठिपक्याकडे बघा, रेषा कशा दिसतात ते सांगा.

"सरळ," ते म्हणाले. बघायच्या आधीच म्हणाले.

मग मी जे केलं ते मला बाबांनी शिकवलेलं नव्हतं. मी आदल्या रात्री घरून एक कागद करून आणला होता. तशाच चौकटी, पण मधल्या सगळ्या रेषा मी हाताने मुद्दाम नागमोडी काढल्या होत्या, लहान मुलालाही दिसावं इतक्या. तो कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हटलं, आणि ह्या?

त्यांनी खूप वेळ बघितलं. उजव्या डोळ्याने, मानही किंचित वळवून. "सरळ," ते म्हणाले. "सगळ्या सरळ."

माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक. त्यांनी डाव्या डोळ्यावरचा हात काढला, कागदाकडे पुन्हा पाहिलं, आणि त्या रेषा खरोखरच वाकड्या आहेत हे त्यांना दिसलं. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले. कारखान्यात चाळीस वर्षं मायक्रॉन मोजलेल्या माणसाला मी सहा वर्षांच्या पोरीच्या वहीशेजारी बसवून पकडलं होतं.

"मार्च महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं," ते म्हणाले. "पडद्याच्या मध्यावर पाणी झालंय. दर महिन्याला डोळ्यात सुई. दोनदा घेतली. पुन्हा नाही जाणार."

मी विचारलं, घरात कुणाला माहीत आहे. म्हणाले, तुझ्या सासूला. मग त्यांनी तो कागद उचलून चार तुकडे केले आणि म्हणाले, "आता तुला कळलंय. आता मला चालेल अशी निवड. दुकानातल्या पोराला हे सांगता येत नाही, म्हणून तुला विचारलं."

म्हणजे त्यांनी मला विचारलं ते ह्यासाठी.

त्या संध्याकाळी परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. मुलगी मागे झोपली होती. मला वाटलं तो गाडी वळवेल. तो म्हणाला, की कोल्ह्यांचं काम गेलं तर त्यांच्याकडे काहीच उरणार नाही, गावातला फोन बंद होईल. दुसरा डोळा चांगला आहे. बांधावरून ते साठ-सत्तर मीटरवर नेम धरतात, ते काही मोठं अंतर नाही. आणि हे शिकारी मंडळाला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्यांचा परवाना जाईल. "तुझ्याकडे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय," तो म्हणाला. हे वाक्य माझ्या डोक्यात आधीपासूनच होतं, त्याने ते फक्त उच्चारलं.

मी आधी सरळ उपाय सुचवला. रायफल डाव्या खांद्याला लावा, डाव्या डोळ्याने नेम धरा. त्यांनी एक आठवडा प्रयत्न केला. पन्नास वर्षं उजव्या खांद्याला सवय, ते जमणं शक्यच नव्हतं. मग मी ऑफिसच्या संगणकावर बसून त्यांच्यासाठी स्कोप निवडला, एखादा प्रकल्प असावा तसा. आठपट, त्याहून जास्त नको. आतल्या रेषा तीन बाजूंनी जाडजूड, खांबासारख्या, आणि फक्त अगदी मध्यावर बारीक फुली. ती मधली फुली त्यांना दिसणार नव्हतीच. पण ते तीन खांब दिसणार होते, कारण ते कडेला होते. मी त्यांना शिकवलं की मध्याकडे बघायचंच नाही, नजर किंचित वर ठेवायची, जनावर तीन खांबांच्या मधोमध आलं की झालं. असा दोष असलेल्या वयस्कर माणसांना वाचायला शिकवताना ही युक्ती वापरतात. मी ती गोळी झाडण्यासाठी शिकवली.

नाताळाच्या सुट्टीत आम्ही दोघं तळ्यापलीकडे गेलो. मातीच्या उंचवट्यासमोर कागद लावून त्यांनी सत्तर मीटरवरून पाच गोळ्या झाडल्या. पाचही माझ्या तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ लागल्या होत्या. कागदापाशी उभं राहून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुट." छान, एवढंच. मी तो आठवडा तरंगत होते. आई आता पुण्याला असते, तिला फोन करून सांगितलं की मी सासऱ्यांना नवी दुर्बीण घेऊन दिली, त्यांना फार आवडली. आई म्हणाली, अगं वा, पक्षी बघतात का ते? मी हो म्हटलं.

जानेवारीत त्यांनी दोन कोल्हे मारले. गावच्या हॉटेलात मंडळाच्या बैठकीला मला मुद्दाम घेऊन गेले आणि माझी ओळख करून दिली, "माझी सून. ऑप्टिक्सची इंजिनियर. माझा स्कोप हिनं निवडलाय." लोकांनी माझ्याशी हात मिळवले. कुणीतरी माझ्यापुढे बिअर ठेवली. मी त्या टेबलाशी बसले होते, आणि हे सांगायला हवं, की मी सुखात होते.

पण ते संध्याकाळी रायफल घेऊन बाहेर पडले की मी मुलीला अंगणात राहू द्यायचे नाही. काहीतरी निमित्त काढून आत घ्यायचे. ती विचारायची, मराठी सगळं समजायचं पण बोलायची जर्मनमध्येच, की का आई, अजून उजेड आहे. थंडी आहे म्हणून, मी सांगायचे. मी एकदाही स्वतःशी कबूल केलं नाही की मी असं का करते.

शेजारी एक विधवा बाई राहायच्या, सासऱ्यांच्याच वयाच्या. त्यांच्याकडे डाख्शहुंड जातीचा एक लांब केसांचा कुत्रा होता, बुटका, तांबूस, म्हातारा. तो गावभर मोकळा फिरायचा, सगळ्यांना माहीत असलेला. आमची मुलगी त्याला बिस्किटं द्यायची. फेब्रुवारीच्या शेवटी, शनिवारी, चार-सव्वाचारच्या सुमारास, बर्फ होतं आणि आभाळ गच्च. आम्ही स्वयंपाकघरात होतो. एक गोळी ऐकू आली. सासूबाई म्हणाल्या, लागला वाटतं. मग बराच वेळ काही नाही. मग सासरे आले आणि बूट न काढता आत येऊन खुर्चीवर बसले. त्या घरात बूट घालून आत आलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बर्फ वितळून फरशीवर पाणी पसरत होतं आणि सासूबाई ते पुसायला उठल्या नाहीत.

"बांधावर होता," ते म्हणाले. "तीन खांबांच्या मधोमध."

शेजारच्या बाईंकडे नवरा गेला. कुत्र्याला त्यानेच गोणपाटात उचलून आणलं. मी मुलीला वरच्या खोलीत घेऊन बसले आणि खालून येणारा बाईंचा आवाज तिला ऐकू जाऊ नये म्हणून मोठ्याने गोष्ट वाचत राहिले. गोष्ट कोणती होती आठवत नाही. त्या रडत नव्हत्या. त्या फक्त विचारत होत्या की तुम्ही त्याला ओळखलं कसं नाही. बारा वर्षं तो तुमच्या दारात येतो.

त्यावर सासऱ्यांनी दिलेलं उत्तर मला जिन्यातून स्पष्ट ऐकू आलं. "नवा स्कोप. माझ्या सुनेनं निवडला. तिनं शिकवलं तसंच केलं."

मला वाटलं हे तेवढ्यापुरतं आहे, गोंधळून बोलले. तसं नव्हतं. सोमवारी पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं, मंडळातल्या लोकांनाही तेच. आठवडाभरात लांडरात्सआम्टकडून, म्हणजे शिकारीचे परवाने देणाऱ्या जिल्हा कार्यालयाकडून, पत्र आलं. घटनेचा खुलासा करा. नवरा ते पत्र घेऊन म्युनिकच्या घरात माझ्यासमोर बसला. त्याने सगळा विचार करून ठेवला होता. स्कोप थंडीत सरकला, नेम बदलला, असं तज्ज्ञाने लिहून दिलं तर प्रकरण उपकरणावर निभावेल. विमा कंपनीही त्यात समाधानी राहील. आणि तज्ज्ञ घरातच आहे.

"मी तो स्कोप थंडीत तपासलाय," मी म्हटलं. "तो सरकत नाही."

"सरकत नाही असं शंभर टक्के सांगता येतं का? हे बघ, एक वाक्य लिही. शक्यता नाकारता येत नाही, एवढंच."

"गोळी जिथे मारायची होती तिथेच लागली. त्यांना तो कोल्हा दिसला. आणि तो का दिसला हे तुला माहीत आहे."

"तुलाही माहीत होतं," तो म्हणाला. "तरी तू निवडलास."

मी सही केली नाही. माझी सही भिंगांच्या अहवालाखाली जाते, ती खोट्यासाठी नाही, असं काहीसं मी म्हणाले. हे ऐकायला चांगलं वाटतं. नवऱ्याने वाद घातला नाही. तो उठून भांडी घासायला लागला, आणि त्या दिवसापासून आमच्यात जे एक प्रकारचं सौजन्य आलं ते अजून आहे.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा गावी गेलो तेव्हा शेजारच्या बाईंनी कुंपणापाशी मला थांबवलं. त्यांच्या हातात रिकामी बादली होती. त्या माझ्याशी नेहमी सावकाश बोलायच्या, मला भाषा कळावी म्हणून, इतकी वर्षं झाली तरी. त्या म्हणाल्या की रागवायला आलेली नाही. फक्त एक विचारायचं होतं. थंडीभर त्या खिडकीतून बघत होत्या, की सासरे बंदूक घेऊन निघाले की मी लगेच मुलीला आत बोलावते. दर वेळी.

"तुम्हाला काही माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

माझ्यापुढे दोन वाक्यं होती. एक खरं, आणि ते उच्चारलं असतं तर सासरे, नवरा आणि मी, तिघंही त्या कुंपणापाशी उघडे पडलो असतो. मुख्य म्हणजे मी. कार्यालयाला खोटं लिहून देणार नाही म्हणून नवऱ्यापुढे ताठ उभी राहिलेली मी.

"नाही," मी म्हटलं. "थंडी असते ना. मुलीचा घसा लगेच धरतो."

त्यांनी मान हलवली. विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही. "या, या," त्या म्हणाल्या, जर्मन लोक हो हो म्हणतात तसं, आणि बादली घेऊन आत गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी भरभर बोलायला लागल्या, बाकीच्यांशी बोलतात तशा.

मग जे व्हायचं ते कुणी काही न करताच झालं. कार्यालयाने सरकारी डॉक्टरांचं नेत्रतपासणीचं प्रमाणपत्र मागितलं. सासऱ्यांनी ते दिलं नाही, मुदत संपली, परवाना गेला. रायफली मंडळातल्या एकाने घेतल्या. कोल्ह्यांसाठी गावातले फोन आता त्याला जातात. बाईंनी दुसरा कुत्रा आणला नाही. गावात अशी समजूत झाली की म्हाताऱ्याच्या डोळ्यांबद्दल कार्यालयाला भारतातल्या सुनेने कळवलं. सासऱ्यांनी ती समजूत खोडून काढली नाही. एकदा बेकरीत दोन माणसं माझ्याकडे बघून बोलायची थांबली. मी कुणाला काहीच कळवलेलं नव्हतं, हाच तर माझा गुन्हा होता, पण ते बेकरीत कसं सांगणार.

पुढच्या वर्षी त्यांच्या डाव्या डोळ्यातही तेच सुरू झालं. आता मात्र ते सुया घ्यायला तयार झाले. उजव्यात उशीर झाला होता, डावा वाचेल असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंना गाडी चालवता येत नाही, नवऱ्याला शुक्रवारी सुट्टी मिळत नाही. माझं काम तसं लवचिक आहे. म्हणून महिन्यातून एका शुक्रवारी मी पहाटे म्युनिकहून निघते, त्यांना घेऊन एर्लांगेनच्या दवाखान्यात जाते, दोन तास थांबते आणि परत आणून सोडते. ते पुढच्या सीटवर बसत नाहीत. मागचं दार स्वतः चाचपून उघडतात, पट्टा लावतात, आणि वाटेत आम्ही पार्किंगबद्दल बोलतो. कुठल्या मजल्यावर जागा असेल, लिफ्ट चालू आहे का. गेल्या खेपेला परतताना त्यांच्या डोळ्यावर पट्टी होती आणि उन्हाचा त्रास होत होता. मी आरशातून पाहिलं तर त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. मी म्हटलं, पुढे बसा, तिथे सावली आहे. ते म्हणाले, इथे ठीक आहे.